प्रवाहाची मर्यादा : शिशाच्या प्लगपासून सिलिकॉनच्या चकतीपर्यंत

वसंत ऋतूत संध्याकाळी एकत्र बसून व्याख्याने ऐकण्याची चाल पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पाडली. पुढे ती तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. अशा मालेत इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे गड, लढाया आणि तह यांची अपेक्षा असते. आम्ही आज जो इतिहास मांडणार आहोत तो विजेच्या प्रवाहाला मर्यादा घालण्याच्या विद्येचा आहे. हा विषय रुक्ष वाटेल; पण शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत असे घर विरळा, ज्याची एखादी मोटर कधी जळाली नाही, आणि कारखान्यात जाणारे असे कुटुंबही विरळा, ज्याने यंत्राच्या अपघाताची बातमी जवळून ऐकली नाही.

आम्ही विद्यापीठात शिकलेले नाही. कामगार संघटनेच्या कामात यंत्रांशी आणि यंत्रांवरच्या माणसांशी संबंध आला. जे समजले ते रिवायंडिंगच्या दुकानांत बसून, रात्रपाळीतल्या फिटरांना विचारून आणि जुन्या बाजारातली पुस्तके वाचून. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता, जे समजले ते आमच्या भाषेत सांगतो. सगळ्या विवेचनाच्या मुळाशी तीन साधे प्रश्न आहेत. भार जास्त झाला तर यंत्र बंद पाडावे, की भार मर्यादेत धरून काम चालू ठेवावे? ती मर्यादा किती असावी? आणि ती ठरवावी कोणी?

वाफेचा धडा

हे प्रश्न विजेच्या आधी वाफेने विचारले. दौंडकरांना वाफ परकी नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग पुण्याहून दौंडवरून डिकसळपर्यंत १८५८ साली सुरू झाला, आणि १८७८ साली मनमाडचा फाटा निघून दौंडचे जंक्शन झाले. पुढे शंभरावर वर्षे या गावाने वाफेच्या इंजिनांची ये-जा पाहिली.

बंद भांड्यात पाणी तापवले की दाब वाढतो आणि त्याला वाट मिळाली नाही तर भांडे फुटते. फ्रान्सचा देनी पापँ याने १६७९ साली आपले अन्न शिजवण्याचे बंद पात्र लोकांपुढे मांडले, आणि त्याच्या संरक्षणासाठी वजनाने दाबून धरलेली झडप योजली. दाब वजनापेक्षा वाढला की झडप उचलली जाई. आपल्या घरच्या प्रेशर कुकरची शिट्टी ही त्याच झडपेची वंशज होय.

पुढे इंग्लंडात रिचर्ड ट्रेव्हिथिकने जास्त दाबाची इंजिने बांधली. १८०३ साली ग्रीनिच येथे त्याच्या एका इंजिनाचा बॉयलर फुटला आणि माणसे दगावली. इंजिनावर नेमलेला पोरगा जागेवर नव्हता आणि वाफेला वाट देणारे कोणी नव्हते, असे निष्पन्न झाले. ट्रेव्हिथिकने यावर पोराला बोल लावून विषय संपवला नाही. त्याने पुढच्या बॉयलरांना दोन झडपा बसवल्या, त्यांपैकी एक चालवणाऱ्याच्या हाताला लागणार नाही अशी. आणि भट्टीच्या माथ्यावर शिशाचा एक प्लग बसवला. पाणी कमी होऊन पत्रा वाजवीपेक्षा तापला की शिसे वितळे, वाफ भट्टीत शिरे आणि आग विझे. कुकरच्या झाकणावर शिट्टीशेजारी जो लहानसा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्याचे तत्त्व हेच. आपल्या देशात बॉयलरांसाठी सबंध देशाचा कायदा १९२३ साली झाला.

या गोष्टीतली एक बाब ध्यानात ठेवावी. माणूस जागेवर नसेल, थकलेला असेल, त्याला घाई असेल, हे गृहीत धरून संरक्षण योजावे लागते. हे ट्रेव्हिथिकला दोनशे वर्षांपूर्वी समजले होते. आपल्याकडे आजही अपघात झाला की चौकशीचे पहिले वाक्य माणसाच्या निष्काळजीपणाविषयी असते.

फ्यूज आणि जाड तार

विजेने शिशाच्या प्लगची कल्पना जशीच्या तशी उचलली. तारायंत्राच्या कचेरीत आकाशातली वीज शिरू नये म्हणून फ्रान्सच्या ब्रेगे याने १८४७ च्या सुमारास मुख्य तारेपेक्षा बारीक तारेचा तुकडा मध्ये घालावा असे सुचवले. बारीक तार आधी जळावी आणि मागचे यंत्र वाचावे, हा हेतू. एडिसनने आपल्या दिव्यांसाठी अशाच वितळणाऱ्या तुकड्याचे पेटंट १८८० साली घेतले. हाच आपला फ्यूज.

फ्यूजच्या मुळाशी असलेला नियम जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ च्या सुमारास प्रयोगाने दाखवला. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. ज्याने मोटर जळताना पाहिली आहे त्याला या नियमाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पाच अश्वशक्तीची, तीन फेजची मोटर भरल्या कामावर साधारण साडेसात अँपिअर प्रवाह घेते. सुरू होताना क्षणभर ती याच्या सहा-सात पट घेते. तिन्ही फेजपैकी एक गेला तर उरलेल्या दोहोंवर भार पडतो, मोटर घुमते, तापते आणि थोड्याच वेळात गुंडाळीचा जळका वास शिवारभर पसरतो.

आता आपल्या शिवारातली रीत पाहा. घोडनदीच्या किंवा भीमेच्या काठी, रात्रपाळीची वीज, उसाला किंवा कांद्याला पाण्याची निकड, आणि डीपीवरचा फ्यूज उडालेला. शेतकरी अंधारात डीपीपर्यंत जातो आणि फ्यूजमध्ये ठरलेल्या तारेऐवजी जाड तार पिळून मोकळा होतो. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण त्याचा हिशेब चुकीचा नसतो, अपुरा असतो. फ्यूज उडाला की पाणी बंद, आणि पाणी बंद राहिल्याचे नुकसान त्याच रात्री त्याच्या डोळ्यांपुढे असते. मोटर जळाल्याचे नुकसान अजून व्हायचे असते. जे संरक्षण काम पार थांबवते आणि थांबल्याची किंमत गरजवंताच्याच माथी मारते, त्या संरक्षणाला तो गरजवंत चकवणारच. झडपेवर वीट ठेवणारा बॉयलरवाला, फ्यूजमध्ये जाड तार घालणारा शेतकरी आणि स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले बांधून ठेवणारा वायरमन हे तिघे एकाच जातकुळीचे होत.

रेल्वेची वीज

मोठ्या प्रवाहाला आवर घालण्याचे पहिले भव्य काम आपल्या मुलखात रेल्वेने केले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेची गाडी धावली. दाब १५०० व्होल्ट, आणि प्रवाह एकदिश. पुढे बोरघाट चढून वीज पुण्याला आली आणि १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन विजेच्या इंजिनावर धावू लागली.

एकदिश प्रवाह तोडणे हे मोठे अवघड काम असते. आपल्या घरचा उलटसुलट प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे त्या क्षणी ठिणगी विझवता येते. एकदिश प्रवाह कधी शून्यावर येतच नाही. जोड उघडला तरी मधल्या हवेत ज्वाळेचा पूल तयार होऊन प्रवाह चालूच राहतो. म्हणून रेल्वेच्या वेगवान सर्किट ब्रेकरमध्ये चुंबकाच्या जोराने ती ज्वाळा लांब ताणून, कप्प्याकप्प्यांत तोडून विझवण्याची योजना असते. ही यंत्रणा फ्यूजहून एक पायरी वर होती, कारण ती एकदा तुटल्यावर पुन्हा जोडता येत असे. नवी तार पिळावी लागत नसे. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरची ही १५०० व्होल्टची एकदिश वीज २०१६ च्या एप्रिलमध्ये हार्बर मार्गावर शेवटची वापरली गेली, आणि तिची जागा २५,००० व्होल्टच्या उलटसुलट प्रवाहाने घेतली. पुण्याहून दौंडपर्यंत रेल्वेची तार यायला मात्र २०१७ च्या सुमारापर्यंत वाट पाहावी लागली. डेक्कन क्वीननंतर ८० हून अधिक वर्षे!

परंतु सर्किट ब्रेकर काय, फ्यूज काय, दोघांचे उत्तर एकच : थांबा. भार मोजत राहावा, मर्यादेशी येताच हात आखडता घ्यावा आणि काम चालू ठेवावे, हे त्यांना येत नव्हते. त्यासाठी स्वतःच्या कृतीचा परिणाम पाहून कृती बदलणारे यंत्र लागते. त्याचा इतिहास वेगळ्या वाटेने आला.

पाटकऱ्याची विद्या

जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक बसवला. वेग वाढला की गोळे बाहेर फाकत आणि वाफेची झडप थोडी मिटत. वेग उतरला की झडप उघडे. मॅक्सवेलने १८६८ साली या नियंत्रकांचे गणित मांडले. २ ऑगस्ट १९२७ रोजी अमेरिकेत बेल कंपनीचा हॅरॉल्ड ब्लॅक नावाचा तरुण अभियंता बोटीने कामाला जात असता त्याला हीच युक्ती दूरध्वनीच्या वर्धकासाठी सुचली, आणि त्याने ती हातातल्या वर्तमानपत्रावर टिपून घेतली. वर्धक म्हणजे लहान संकेत मोठा करणारे साधन. ब्लॅकने त्याच्या बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही भाग उलट करून पुन्हा आत आणला, आणि वर्धक स्वतःच्या चुका स्वतः दुरुस्त करू लागला.

आपल्याकडचा दृष्टांत द्यायचा तर कालव्यावरचा पाटकरी घ्यावा. शेतकऱ्याची मागणी किती, हे त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर; चारीतून प्रत्यक्ष पाणी किती जाते, हे त्याच्या डोळ्यांपुढे. दोहोंत फरक दिसला की तो दार वर-खाली करतो. मागणी आणि प्रत्यक्ष यांची सतत तुलना करून दार हलवणारा, कधी न झोपणारा असा विजेचा पाटकरी म्हणजे ऑपरेशनल ॲम्प्लिफायर. कारागिरांच्या तोंडी त्याचे नाव ऑप-ॲम्प. बेलच्याच कार्ल स्वार्ट्झेलने असा वर्धक १९४१ साली रचला. दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफांचा नेम साधणाऱ्या यंत्रांत त्याचा उपयोग झाला. ऑपरेशनल हे नाव १९४७ साली रॅगॅझिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या निबंधातून रूढ झाले, कारण बेरीज, वजाबाकी, संकलन अशा गणिती क्रिया तो करी. १९५० नंतर थोड्याच वर्षांत जॉर्ज फिलब्रिकने काचेच्या नळ्यांचा ऑप-ॲम्प बाजारात विकायला आणला.

नळ्यांच्या जागी ट्रान्झिस्टर आले आणि संरक्षणाचा प्रश्न एकाएकी तीव्र झाला. काचेची नळी जादा भार काही काळ सोसते, तांबडी होते, इशारा देते. ट्रान्झिस्टरची सिलिकॉनची चकती नखाएवढीही नसते. ती फ्यूजची तार वितळण्याच्या आत मरते. महागाचा ट्रान्झिस्टर स्वतः जळून स्वस्त फ्यूजला वाचवतो, ही दुरुस्तीच्या दुकानांतली थट्टा यातूनच निघाली.

१९६५ साली फेअरचाइल्ड कंपनीच्या बॉब विडलरने रचलेला ७०९ हा ऑप-ॲम्प एका चकतीवर बसला आणि खूप खपला. पण त्याची बाहेरची तार चुकून जमिनीला लागली तर तो थोडे सेकंदच टिकाव धरी. विडलरच्याच पुढच्या १९६७ च्या रचनेत, आणि १९६८ साली डेव्ह फुलागरने रचलेल्या ७४१ मध्ये, प्रवाहाची मर्यादा चकतीच्या आतच बसवलेली होती. ७४१ ची बाहेरची तार जमिनीला लावून ठेवा; साधारण २५ मिलिअँपिअरच्या पुढे तो प्रवाह देतच नाही आणि जळतही नाही. तंत्रनिकेतनातल्या पोरांच्या हातून इतक्या चुका होऊनही ७४१ इतकी वर्षे टिकला, त्याचे एक कारण हे. संरक्षण बाहेरच्या पेटीतून काढून यंत्राच्या पोटात ठेवण्याचा हा क्षण आम्हाला या सबंध इतिहासात महत्त्वाचा वाटतो.

मोठ्या प्रवाहाचा पेच

२५ मिलिअँपिअरवर एखादा लहान दिवा लागेल. मोटर हलणार नाही. मोटर हलवायची तर काही अँपिअर लागतात, आणि तेथे खरी रचना सुरू होते. तिचे मर्म समजायला साधे अंकगणित पुरे.

समजा, २४ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणारा वर्धक आहे आणि मर्यादा ५ अँपिअर ठरवली आहे. बाहेर जाणाऱ्या वाटेत ०.१३ ओहमचा एक लहान रोधक घालतात. ५ अँपिअर वाहिले की त्याच्या दोन टोकांत ०.६५ व्होल्टचा फरक पडतो. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर साधारण एवढ्याच फरकाला जागा होतो. म्हणून या रोधकावर पहाऱ्यासाठी एक छोटा ट्रान्झिस्टर बसवतात. प्रवाह मर्यादेला पोचताच तो जागा होतो आणि मोठ्या ट्रान्झिस्टरला मिळणारी चालना स्वतःकडे वळवतो. मोठ्याचे दार आणखी उघडत नाही. काम थांबत नाही, पण पाचाचे सहा होत नाहीत.

इतक्याने भागले असते तर बरे होते. आता उष्णता मोजा. मोटर नीट चालू असताना २० व्होल्ट मोटरवर पडतात आणि ४ व्होल्ट वर्धकात उरतात. ५ अँपिअरने गुणले की वर्धकात २० वॉट उष्णता. मोटरच्या तारा एकमेकींना चिकटल्या तर मोटरवर काहीच पडत नाही. चोवीसच्या चोवीस व्होल्ट वर्धकात राहतात. प्रवाह तोच ५ अँपिअर, मर्यादा पाळलेली, पण उष्णता १२० वॉट. हवेत उष्णता टाकणारे ॲल्युमिनियमचे पंखे असे आहेत की दर वॉटला चकती १ अंशाने तापते, असे धरा. वैशाखात शिरूरला पत्र्याच्या छपराखाली ४० अंश असतात. चांगल्या दिवशी चकती ६० अंशांवर; वाईट दिवशी १६० वर. सिलिकॉनची सहनशक्ती साधारण १५० च्या आसपास संपते. म्हणजे मर्यादा पाळूनही यंत्र मेले.

यावर पहिला उपाय निघाला तो असा की बाहेरचा दाब कोसळला की मर्यादाही खाली ओढायची. पाचाची दोन करायची. यात दुसरीच अडचण आली. थांबलेली मोटर सुरू होण्याच्या क्षणी शॉर्टसारखीच दिसते. मर्यादा खाली ओढली की तिला उठायला बळच मिळत नाही. खरी गरज आणि खरा दोष यांत भेद न करणाऱ्या कडक नियमाने उपाशी राहतो तो गरजवंत. हे वाक्य रेशनच्या दुकानाविषयी नाही, विजेच्या मंडलाविषयी आहे. पण श्रोत्यांना रेशनचे दुकान आठवले तर आमची हरकत नाही.

दुसरा उपाय जास्त शहाणा होता. प्रवाहावरून उष्णतेचा अंदाज करत बसण्याऐवजी चकतीचे तापमान चकतीवरच मोजायचे. विडलरने १९७० च्या सुमारास पाच व्होल्टच्या एका नियंत्रकात हे साधले. चकती फार तापली की ती स्वतःच विसावा घेई आणि निवली की पुन्हा कामाला लागे. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात विडलर आणि मिनेओ यामाताके यांनी १० अँपिअरपर्यंत प्रवाह देणारा एलएम १२ हा शक्तिशाली ऑप-ॲम्प केला. त्यात मोठ्या ट्रान्झिस्टरच्या सर्वांत तापलेल्या जागेवर नजर ठेवलेली होती. त्यानंतरच्या ओपीए ५४९ सारख्या रचनांत सतत ८ अँपिअर देण्याची ताकद आली, मर्यादा एका लहान रोधकाने हवी तेवढी ठरवता येऊ लागली, आणि तापून बंद पडल्यावर तसे बाहेर कळवणारी एक खूणही मिळाली. शिवाय मोटरची गुंडाळी अचानक तोडली की उलटा धक्का देते. तो पुरवठ्याकडे वळवून देणारे डायोड रचनाकाराला विसरता येत नाहीत. पाहा, साध्या फ्यूजपासून निघालेली विद्या कुठे पोचली! प्रवाह मोजणे, दाब मोजणे, तापमान मोजणे, आणि गप्प न बसता कारण सांगणे.

शेजारचे खोडद

ही विद्या परदेशातच राहिली असे नाही. मुंबईजवळ तुर्भे येथे अप्सरा ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्या नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक साधने ए. एस. राव यांच्या हाताखालच्या देशी मंडळींनी बनवली होती. याच परंपरेचे फळ शिरूरशेजारच्या जुन्नर तालुक्यात उभे आहे. खोडदच्या परिसरात प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. त्या फिरवणारी यंत्रणा भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अभियंत्यांनी रचली.

एवढी तबकडी आकाशातल्या एका बिंदूवर रोखून धरायची आणि पृथ्वी फिरते तशी हळूहळू वळवायची, हे काम मागणी-प्रत्यक्षाच्या तुलनेनेच होते. प्रत्येक अक्षाला दोन मोटरी आहेत, आणि त्या एकमेकींविरुद्ध किंचित ओढ धरतात, म्हणजे दातेरी चाकांतली ढिलाई निघून जाते. अशा मोटरीचा पिळाचा जोर तिच्या प्रवाहाच्या प्रमाणात असतो. म्हणून प्रवाहाला मर्यादा घातली की जोरालाही मर्यादा पडते. वाऱ्याने तबकडी ढकलली, मोटर हट्टाने जोर लावू लागली, तर मर्यादा नसताना चाकाचे दाते मोडतील. येथे प्रवाहाची मर्यादा वर्धकाला वाचवते, मोटरला वाचवते आणि तिच्यापुढच्या लोखंडालाही वाचवते.

लोखंडापुढचा माणूस

याच नियमाचे पुढचे पाऊल आम्हाला आमच्या कामात पाहावे लागले. रांजणगाव आणि कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींमुळे दोन्ही तालुक्यांतली शेतकऱ्यांची मुले आज यंत्रांवर आहेत, आणि अशा यंत्रांतून प्रवाहाची मर्यादा ठरवणारा वर्धक कोठे ना कोठे असतोच.

एका कारखान्याची गोष्ट सांगतो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे पत्रा पुढे सरकवणारे एक यंत्र होते. पत्रा अडकला की त्याच्या मोटरीचा प्रवाह मर्यादेला भिडे आणि यंत्र जागीच थबके. दर थबकण्याला पाच-सात मिनिटे जात, पाळीचा आकडा कमी भरे, आणि त्याचा जाब यंत्रावरच्या पोरांना द्यावा लागे. एके दिवशी कोणी तरी मर्यादा वर चढवून ठेवली. यंत्र थबकायचे थांबले, आकडा भरू लागला, सगळे खूष झाले. तीन आठवड्यांनी पत्रा पुन्हा अडकला. यंत्र आता थांबेल या सवयीच्या भरवशावर एका पोराने पत्रा सोडवायला हात घातला. यंत्र थांबले नाही. उजव्या हाताची दोन बोटे गेली.

सूचनाफलकावर लागले : कामगाराचा निष्काळजीपणा. आम्ही म्हटले, बोटांचा पंचनामा झाला, आता मर्यादेचाही होऊ द्या. यंत्राच्या स्मरणात नोंद होतीच. मर्यादा केव्हा बदलली, किती बदलली, हे तिथे तारीखवार निघाले. तीन बैठका झाल्या. अखेर ठरले की मर्यादेचा आकडा यंत्राच्या दारावर रंगवावा, तो बदलायला कुलूप असावे, बदलायचा झाल्यास देखभाल खाते आणि कामगार प्रतिनिधी अशा दोघांच्या सह्या वहीत पडाव्यात. आणि पत्रा का अडकतो याची चौकशी आधी व्हावी. ती केल्यावर आढळले की मार्गदर्शक पट्टी झिजली होती. पट्टी बदलली आणि अडकणे जवळजवळ थांबले. मर्यादेने वारंवार सांगितलेले गाऱ्हाणे खरे होते. ऐकणाऱ्यांनी गाऱ्हाणे मिटवण्याऐवजी तोंड दाबले होते. यात एवढेही सांगितले पाहिजे की प्रवाहाची मर्यादा ही जाळीची किंवा मुख्य स्विच बंद करून कुलूप लावण्याची जागा घेऊ शकत नाही. तिच्या भरवशावर हात आत घालू नये, हे आमच्या पोरांनाही आम्ही तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

माणसाच्या भाराचा इतिहास याहून निराळा नाही. गिरणीत आठवड्याचे सातही दिवस राबणाऱ्या मजुरांची बाजू घेऊन नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत संघटना उभारली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराला आठवड्याचे ४८ तास ही मर्यादा घातली आणि धोक्याच्या यंत्रभागांना कुंपण सक्तीचे केले. दोन्ही वेळी, मर्यादा आली तर उद्योग बुडेल, अशी भीती घालणारे होते. उद्योग चालूच राहिले. मर्यादेत धरलेले यंत्र जास्त वर्षे काम देते, हे वर्धकाच्या बाबतीत मानायला आपण लगेच तयार होतो. माणसाच्या बाबतीत ते दर पिढीला नव्याने भांडून पटवावे लागते.

तेव्हा आरंभी मांडलेल्या तीन प्रश्नांची या इतिहासाने दिलेली उत्तरे अशी. जेथे शक्य असेल तेथे काम तोडण्यापेक्षा भार आवरावा, कारण तोडणाऱ्या संरक्षणाला लोक चकवतात. मर्यादा एकट्या प्रवाहावरून ठरवू नये. उष्णता, हवा आणि कामाची खरी गरज पाहून ठरवावी. आणि मर्यादा ठरवताना जो भार वाहतो, त्याचे म्हणणे नोंदवहीत असावे. श्रोत्यांमध्ये बागायतदार आहेत, त्यांनी या हंगामात आपल्या डीपीवरची तार एकदा वायरमनकडून तपासून घ्यावी. कारखान्यात जाणारे आहेत, त्यांनी आपल्या यंत्राची मर्यादा किती आणि ती शेवटची कोणी बदलली, एवढे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर पुन्हा विचारावे. ज्यांचा हात यंत्रापाशी असतो त्यांना हा आकडा माहीत असण्याचा अधिकार आहे.